डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ : दोन वर्षांच्या सुट्टीनंतर पुन्हा रिंगमध्ये

टर्नबकल | २० मार्च २०२२, रात्री ११.४०

११ मार्चला 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२२' हा टीव्हीवरच्या कुस्तीचा व्हिडिओ गेम आला. दोघातिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून "घ्यावा का?" विचारलं, म्हणून वेगळा धागाच काढतोय. मी पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर खेळतोय. लिखाण लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी मागचं रामायण, कारण ते ठाऊक नसेल तर ह्या गेमचं एवढं कौतुक का चाललंय ते कळणार नाही. २००० साली प्लेस्टेशनवर पहिला 'स्मॅकडाउन' आला तेव्हापासून ही मालिका यूक्स ही जपानी कंपनी बनवत होती. २०१९ मध्ये यूक्स बाजूला झाली आणि सगळा भार व्हिज्युअल कन्सेप्ट्स ह्या दुसऱ्या स्टुडिओवर आला. त्यांनी त्याच ऑक्टोबरात २के२० बाजारात ढकलला. मग काय झालं ते सगळ्यांनी यूट्यूबवर पाहिलंय. वितळल्यासारखे चेहरे, दोरांत अडकून थरथरणारे पैलवान, स्वतःच्या मर्जीने नाचणारे केस. कडी म्हणजे १ जानेवारी २०२० ला गेम सुरूच होईना. नावातच २० आणि वीस साल उजाडल्याबरोबर बंद! मशीनची तारीख मागे २०१९ मध्ये नेली की मुकाट चालायचा. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढचा वार्षिक गेम येणार नाही, आणि सप्टेंबरात 'बॅटलग्राउंड्स' नावाचा कार्टूनछाप गेम हाती ठेवला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

थोडक्यात, मालिकेला पहिल्यांदाच श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि तो वेळ कुठे गेला ते पहिल्याच मॅचमध्ये हाताला कळतं.

सगळ्यात मोठा बदल बटणांचा. आता कंट्रोलरवरचा चौकोन म्हणजे हलका फटका, फुली म्हणजे जड फटका, गोल म्हणजे पकड. चौकोनाने सुरुवात करून पुढे ह्या तिघांची साखळी लावायची की कॉम्बो होतो, आणि प्रत्येक पैलवानाचे कॉम्बो वेगळे. इथपर्यंत कुठल्याही फायटिंग गेमसारखंच. खरी मजा मार खाणाऱ्याच्या बाजूला आहे. समोरचा तुम्हाला धोपटत असताना त्याचं पुढचं बटण कुठलं असेल ते ओळखून तुम्ही तेच दाबलंत, तर साखळी तुटते. म्हणजे मार खातानाही डोकं चालू ठेवावं लागतं. काल भाच्याबरोबर खेळत होतो. पठ्ठ्या दर वेळी चौकोन, चौकोन, फुली असंच मारतो. तिसऱ्या फटक्याला मी डोळे मिटून फुली दाबायचो आणि त्याचा हात हवेतच अडवला जायचा. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तिसऱ्या जागी गोल घातला. मी फुली दाबून मोकळा, आणि पुढच्या क्षणी पाठीवर आपटलेला. त्या एका बदलावर आमची पुढची सगळी मॅच फिरली. जुन्या गेममध्ये असा डावपेच कधी दोन माणसांत रंगला नव्हता.

दुसरं म्हणजे रिव्हर्सल, म्हणजे समोरच्याचा डाव त्याच्यावरच उलटवणं. २के१६ पासून रिव्हर्सल मोजून मिळायचे. संपले की नुसतं उभं राहून मार खायचा, आणि समोरच्याच्या फिनिशरला (मॅच संपवणाऱ्या हुकमी डावाला) उत्तर देता यावं म्हणून शेवटचा एक जपून ठेवायचा. ती रेशनची पद्धत आता गेली. त्रिकोण वेळेवर दाबलात तर वाचलात. शिवाय आर१ ने अंग चुकवता येतं. मात्र वेळेची खिडकी चिंचोळी आहे, पहिले काही दिवस सगळेच उशिरा दाबतात.

कॅमेरा खाली आणि जवळ आणलाय. टीव्हीवर दिसते तशी रिंग दिसते. छान दिसतं, पण चौघांची मॅच लावली की कोण कुणाला मारतोय ते शोधत बसावं लागतं.

पिनमधून (खांदे जमिनीला टेकवून तीन मोजतात त्यातून) सुटायला मात्र बटण बडवायचं. रोमन रेन्सचा स्पिअर खाऊन अंगठ्याने बटण ठोकत राहायचं, ह्यात कसलं आलंय कौशल्य? दोन वर्षं घेतलीत, इथे पाच मिनिटं द्यायला हवी होती.

शोकेस (एका पैलवानाच्या गाजलेल्या मॅच पुन्हा खेळायच्या) : मुखपृष्ठावर पैलवान रे मिस्टेरिओ आहे आणि शोकेसही त्याचाच. १९९७ च्या 'हॅलोवीन हॅवॉक' कार्यक्रमातली एडी गरेरोबरोबरची मॅच खेळता खेळता एखाद्या डावाला चित्र हळूच खऱ्या चित्रफितीत शिरतं आणि परत गेममध्ये येतं. हे इतकं बेमालूम जमलंय की पहिल्यांदा मी कंट्रोलर हातात धरून नुसता बघत राहिलो. मध्येमध्ये रे स्वतः बोलतो. पण मोठी भोकं आहेत. २००६ मध्ये रेने पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती रेसलमेनिया २२ ला, कर्ट अँगल आणि रँडी ऑर्टनविरुद्ध. अँगल गेममध्येच नाही, म्हणून ती मॅचच नाही. रेची गोष्ट सांगायची आणि तीच गाळायची!

मायजीएम (पैलवान नाही, जनरल मॅनेजर होऊन कार्यक्रम चालवायचा) : ह्यावर मेधाताई लिहितीलच, त्यांचा तो प्रांत. एवढंच सांगतो की स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६, २००७ आणि २००८ मध्ये जनरल मॅनेजर व्हायची सोय होती, मग ती काढून टाकली. लोक चौदा वर्षं मागत होते.

मायराइज : नवोदित पैलवान घडवा, परफॉर्मन्स सेंटरपासून सुरुवात करा वगैरे. स्त्री आणि पुरुष अशा दोन स्वतंत्र कहाण्या. संवाद फार. झेपेल त्याने खेळावं.

मायफॅक्शन : पत्त्यांची पाकिटं विकत घ्या, फोडा, संघ बांधा. खऱ्या पैशांनीही घेता येतात. आणि एवढा संघ बांधून ऑनलाइन कुणाशी खेळावं म्हटलं तर ती सोयच नाही, कंप्युटरशीच झुंजायचं. शाळेत असताना आपण पाचदहा रुपयांत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं घ्यायचो, त्यात निदान समोरच्याची कार्डं जिंकून तरी घेता यायची.

माझं मत स्पष्ट आहे. दोरांच्या आत हा दहा वर्षांतला सगळ्यात चांगला गेम आहे. दोरांच्या बाहेर अर्धवट आहे, आणि जिथे पैसे उकळता येतात तिथे अर्धवट नाही.

---

रुमाल_टाकू | २० मार्च, ११.५२

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी वाचतो.

---

पीएसटू_जिंदाबाद | २१ मार्च

उत्तम लिहिलंयत. पण दर वर्षी कुणीतरी म्हणतं की हा सगळ्यात चांगला, आणि दर वर्षी मी ह्याच मालिकेतला जुना 'हिअर कम्स द पेन' लावतो आणि हसतो. २००३ चा गेम आहे तो. त्यात शरीराच्या भागांचं ते छोटं चित्र कोपऱ्यात असायचं, पाय पिवळा झाला, केशरी झाला, लाल झाला की कळायचं आता बॉस्टन क्रॅब (पाय मुरगळायची पकड) लावा.

एक मान्य करतो. त्या गेमचा वेग नंतर हरवला होता. २के१५ पासून पैलवान चिखलातून चालल्यासारखे चालायचे. तुम्ही म्हणता तो कॉम्बो प्रकार भावाकडे बघितला, वेग परत आलाय हे खरं.

---

एकोणिसावा_गडी | २१ मार्च

काडी टाकतो. २के१९ हाच शेवटचा खरा कुस्तीचा गेम. २के२२ म्हणजे फायटिंग गेमला लाल-काळी चड्डी घातलीय.

तुम्ही ज्याला रेशन म्हणता तेच तर नाट्य होतं! शेवटचा रिव्हर्सल वापरू की नको, फिनिशरसाठी राखू की आत्ताच वाचू, ह्यात जीव टांगणीला लागायचा. आता बोटं चपळ असली की झालं. आणि चेन रेसलिंग काढून टाकलं. मॅच सुरू झाली की दोघे हात गुंफायचे, मग डोकं बगलेत, मनगट मुरगळ, हळूहळू रंग भरायचा. ते गेलं. आता घंटा वाजल्यापासून तिसऱ्या सेकंदाला पाच फटक्यांचा कॉम्बो. ब्रॉक लेसनर असं खेळला तर ठीक आहे हो, पण चपळ एजे स्टाइल्स आणि अवाढव्य आंद्रे द जायंट एकाच लयीत मारामारी करतात तेव्हा मन उडतं.

---

टर्नबकल | २१ मार्च

@एकोणिसावा_गडी, चेन रेसलिंगबद्दल शंभर टक्के सहमत, ते काढायला नको होतं. रिव्हर्सलबद्दल नाही. ऑनलाइन २के१९ आठवा. सगळे मोजत बसायचे, समोरच्याचे संपले की फिनिशर. त्यात नाट्य कमी न् हिशेब जास्त. आणि कॉम्बो बंद करून खेळायला कुणी अडवलंय? पकडीवर भर द्या, दिशा बदलली की डाव बदलतो, मॅच आपोआप सावकाश होते. सेटिंगमध्ये जाऊन स्लायडर खाली आणले तर कंप्युटरही शहाण्यासारखा खेळतो.

---

तांबडी_माती | २२ मार्च

मी गेम वगैरे खेळत नाही, कोल्हापूरकडचा माणूस, खासबागेत कुस्त्या बघत वाढलो. एक बाळबोध शंका आहे, राग मानू नका. टीव्हीवरची ती कुस्ती ठरवून केलेली असते. कोण जिंकणार ते आधीच लिहिलेलं. मग तिचा गेम कसा काय होतो? ठरलेल्या गोष्टीत जिंकण्याहरण्याला अर्थ काय?

---

मेधा_जीएम | २२ मार्च

@तांबडी_माती, राग कसला, ह्या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात. ह्याच प्रश्नाचं उत्तर म्हणजे मायजीएम.

नेहमीच्या मॅचमध्ये गेम असं सोंग आणतो की ही खरी लढत आहे, जो जिंकेल तो जिंकेल. मायजीएममध्ये तुम्ही पडद्यामागे जाता. रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी किंवा एनएक्सटी यूके ह्या कार्यक्रमांपैकी एक ब्रँड घ्यायचा, जीएम निवडायचा (स्टेफनी, शेन, सोन्या डेव्हिल, अ‍ॅडम पिअर्स, विल्यम रीगल, नाहीतर स्वतःचा), पैलवानांचा लिलावासारखा ड्राफ्ट करायचा, आणि मग दर आठवड्याचा कार्यक्रम बांधायचा. इथे तुमचा माणूस जिंकला की हरला ह्याला फारशी किंमत नाही. मॅच रंगली का, ह्याला आहे. चांगल्या माणसासमोर वाईट माणूस हवा. 'फायटर'समोर 'ब्रूझर' ठेवला, 'जायंट'समोर 'क्रूझर' ठेवला तर मॅचला तारे जास्त. दोघांत वैर लावायचं, ते आठवड्याआठवड्याने तापवायचं आणि मोठ्या कार्यक्रमात फोडायचं.

आणि सगळ्याला पैसा लागतो. मैदान कुठलं, जाहिरात किती, दिवे-धूर कितीचा, सगळ्याचं बजेट. पैलवान दमतात. लोकांना आवडतो म्हणून एकाच गड्याला दर आठवड्याला उतरवला की त्याचा दम शून्यावर येतो, मग दुखापत, मग पुढचे काही आठवडे तो घरी आणि तुमचं मुख्य वैर अर्ध्यावर. वरून ट्रिपल एच मेसेज पाठवतो की अमक्याला चॅम्पियन कर. ऐकलं तर पॉवर कार्ड मिळतं, त्यातून समोरच्या ब्रँडची वाट लावता येते.

मी आणि माझी धाकटी बहीण एकाच सोफ्यावर बसून खेळतो. तिने माझ्या टायटल मॅचच्या आठवड्याला कार्ड टाकून माझा चॅम्पियन बसवला होता. दोन दिवस भांडी तिने घासली.

तक्रारी: ब्रँडमागे पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक, एवढेच पट्टे. टॅग टीमचा नाही, मधल्या फळीचा नाही. मग चौथ्या-पाचव्या नंबरच्या पैलवानांनी कशासाठी झगडायचं? मॅचही सिंगल्स किंवा टॅगच. तिघांची लावता येत नाही. आणि दोघांतच खेळायचं, तेही शेजारी बसून, ऑनलाइन नाही. बहीण सासरी गेली की माझं स्मॅकडाउन बंद.

---

तांबडी_माती | २२ मार्च

अस्सं. म्हणजे इथे खेळणारा पैलवान नसून जंगी मैदान भरवणारा आहे. हे समजलं. आमच्याकडे कोणाची कुस्ती कोणाशी जोडायची ह्यावरून गावात जेवढं राजकारण होतं तेवढं ग्रामपंचायतीत होत नाही, तेव्हा त्यातली मजा कळते. धन्यवाद ताई.

---

लॅपटॉपवाला | २५ मार्च

पीसीवर कसा आहे? माझ्याकडे कन्सोल नाही. आम्ही सायबर कॅफेतली पिढी, २००२ चा 'रॉ' आणि त्यावर चढवलेले 'अल्टिमेट इम्पॅक्ट' मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) ह्यांवरच वाढलो. २के१५ आला तोवर पीसीला कुणी विचारलंच नाही.

---

टर्नबकल | २५ मार्च

@लॅपटॉपवाला, किमान जीटीएक्स १०६० कार्ड सांगितलंय आणि ६० जीबी जागा. साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर नादी लागू नका. कार्ड असेल तर पीसीच बरा, पुढे मॉड येतात, कर्ट अँगलही कुणीतरी आणेल.

---

दोन_मुलांची_आई | ३ एप्रिल

नमस्कार, नेहमी नुसती वाचते. मुलगा अकरा वर्षांचा आहे, वाढदिवसाला हाच हवा म्हणतोय. रक्तबिक्त आहे का? आणि ते पैशांचं काय ते नीट सांगाल का? मागे एका मोबाइल गेममध्ये त्याने माझ्या कार्डावरून खरेदी केली होती, बिल बघून धडकी भरली.

---

मेधा_जीएम | ३ एप्रिल

@दोन_मुलांची_आई, अमेरिकेत 'टीन' आणि युरोपात १६ वर्षांवरचं मानांकन आहे. रक्त सेटिंगमधून बंद करता येतं. खुर्च्या, टेबलं, शिड्या आहेत, ते बंद होत नाही. तुमच्या घरात टीव्हीवर रॉ चालत असेल तर त्याहून वेगळं काही नाही.

पैशांचं महत्त्वाचं. कन्सोलच्या खात्यात कार्ड साठवूच नका. हवं तेव्हा ठरावीक रकमेचं व्हाउचर घाला. मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली जोडलं तर खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवता येते. आणि त्याला सांगा की मायफॅक्शनकडे वळू नकोस, बाकीच्या गेममध्ये वर्षभर पुरेल एवढं आहे.

---

पाकीट_फोड्या | ३ एप्रिल

मायफॅक्शनला सगळेच शिव्या घालताय. मी एक रुपया न घालता खेळतो. आठवड्याला नवे टॉवर (ओळीने जिंकायच्या मॅचची मालिका) येतात, रात्री झोपण्याआधी दोन मॅच, एखादं पाकीट, झोप. एनडब्ल्यूओ टोळीतल्या हल्क होगनचं कार्ड मिळालं की कसला आनंद होतो म्हणून सांगू! सक्ती कोण करतंय?

---

टर्नबकल | ४ एप्रिल

@पाकीट_फोड्या, सक्ती नाहीच. पण मायजीएमला तिघांची मॅच लावायला वेळ नव्हता आणि मायफॅक्शनची दुकानाची पाटी पहिल्या दिवसापासून झगमगत होती, ह्यावरून कुणाचं लक्ष कुठे होतं ते दिसतं.

---

एकोणिसावा_गडी | १९ जुलै २०२२

डीएलसी (नंतर विकत घ्यायचे जास्तीचे पैलवान) सगळे आले. योकोझुना, उमागा, व्हेडर, ब्रिटिश बुलडॉग, आरव्हीडी (रॉब व्हॅन डॅम). शिवाय मिस्टर टी आणि डोइंक जोकर. गायक मशीन गन केली पैलवान म्हणून. लोगन पॉलसुद्धा.

मला हसावं की रडावं कळत नव्हतं, पण डोइंक विरुद्ध अंडरटेकर लावली आणि रात्री दीडपर्यंत बसलो. गेमला मी अजूनही फायटिंग गेमच म्हणतो. मात्र विकणार नाही.

---

पीएसटू_जिंदाबाद | ८ जुलै २०२३

धागा वर काढतो. यूक्सवाल्यांचा नवा गेम आला की हो, डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा, 'एईडब्ल्यू : फाइट फॉरेव्हर'. तोंडवळा निन्टेन्डो ६४ वरच्या 'नो मर्सी'सारखा. खेळताना मजा येते, पण पैलवान तयार करायच्या जागी पर्याय एवढेसे, एंट्रन्स कापलेले. म्हणजे एकाकडे पैसा आहे, दुसऱ्याकडे हात आहे.

२के२३ कुणी घेतला का?

---

मेधा_जीएम | ९ जुलै २०२३

घेतला. मुखपृष्ठावर जॉन सीना. वॉरगेम्स (पिंजऱ्यातली दोन संघांची मॅच) आलंय. मायजीएममध्ये चौघे खेळू शकतात, जास्तीचे पट्टे आहेत, तिघाचौघांची मॅच लावता येते. ऑनलाइन अजून नाही!! पिनमधून सुटायला आता कंट्रोलरची काठी योग्य वेळी झटकायची, ज्यांना बटण बडवायचंय त्यांच्यासाठी तीही सोय ठेवलीय. मार्च २०२२ मध्ये टर्नबकल आणि मी ज्या ज्या गोष्टींवर कुरकुरलो त्यातल्या बऱ्याचशा दुरुस्त केल्या, आणि पुन्हा पूर्ण किमतीला विकल्या.

---

लॅपटॉपवाला | ११ जानेवारी २०२४

२के२२ चे सर्व्हर ह्या महिन्यात बंद झाले. मी सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. मायफॅक्शन उघडतच नाही. लोकांनी बनवलेले पैलवानही आता उतरवता येत नाहीत. काय करू?

---

पाकीट_फोड्या | ११ जानेवारी २०२४

माझा होगन गेला रे.

---

टर्नबकल | १२ जानेवारी २०२४

@लॅपटॉपवाला, मायजीएम, युनिव्हर्स, शोकेस, मायराइज आणि साध्या मॅच चालतात, त्यांना सर्व्हर लागत नाही. आधी उतरवून ठेवलेले पैलवान तुमच्या मशीनवर असतील तर तेही राहतात, फक्त सेव्ह फाइलची एक प्रत बाहेर कॉपी करून ठेवा. पीसीवर आहात तर अँगल, जेरिको सगळे मॉडमधून घालता येतील. ऑनलाइनच खेळायचं असेल तर २के२३ सेलमध्ये बघा, २के२४ येईल तेव्हा किंमत अजून उतरेल.

@पाकीट_फोड्या, पैसे घातले नव्हतेस ना? मग सुटलास.

---

पाकीट_फोड्या | १२ जानेवारी २०२४

थोडे घातले होते.